मोटरहोमचं एअर सस्पेन्शन आणि लेव्हलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेरूळ, पैठण, तुळजापूर, माहूर अशा फेऱ्या मारणारे मोटरहोमवाले, जुन्या बसची बॉडी करून घेतलेले, भाड्याची कॅराव्हॅन घेऊन निघालेले, सगळ्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच: हवेनं गाडी सरळ करता येते, पण हवेच्या भरवशावर माणसानं गाडीखाली जायचं नाही आणि ओल्या जमिनीवर रात्र काढायची नाही. खालची बरीच उत्तरं यातूनच निघतात. पॅनलवरची बटणं आणि त्यांची नावं कंपनीप्रमाणे बदलतात, त्यामुळं गाडीसोबत आलेली पुस्तिका जवळ ठेवूनच वाचा.

१. हे एअर सस्पेन्शन नेमकं काय काम करतं?

पाट्यांच्या, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, जागी रबराचे बलून असतात, त्यात कंप्रेसरची हवा. चालताना लेव्हलिंग व्हॉल्व्ह गाडीची उंची ठरलेल्या जागी धरतो, वजन वाढलं की जास्त हवा भरतो, वजन उतरलं की हवा काढतो. म्हणून पाण्याची टाकी भरलेली असो की रिकामी, उंची तीच राहते, बदलतं ते बलूनमधलं प्रेशर. या उंचीला राइड हाइट म्हणतात, ती चेसिस कंपनीनं ठरवलेली असते आणि खाली हा शब्द परत परत येईल. लेव्हलिंग सिस्टीम म्हणजे याच बलूनना उभ्या गाडीत वेगवेगळं फुगवून-उतरवून गाडी सरळ करायची सोय. बऱ्याच गाड्यांत पुढचा एक्सल मिळून एक भाग आणि मागचा डावा, मागचा उजवा वेगळा, असे तीन भाग असतात.

२. माझ्या गाडीत ते आहे की नाही कसं ओळखू? विकणारा म्हणायलाय आहे.

चाकामागं वाकून टॉर्च मारा. काळा जाड रबरी बलून दिसला तर एअर, लोखंडी पट्ट्यांचा थर दिसला तर पाटे. पण बलून दिसला म्हणजे लेव्हलिंग आहेच असं नाही, कारण लांब पल्ल्याच्या बसच्या चेसिसला नुसतं एअर सस्पेन्शन असतं, उभं राहून चारी बाजू वेगळ्या खालीवर करायची सोय त्यात नसते. काही गाड्यांत मागं बलून आणि पुढं पाटे असतात, मग पुढचा भाग हवेनं हलणार नाही. विकणाऱ्याला सांगायचं, गाडी उभी करून माझ्यासमोर मागची फक्त डावी बाजू खाली घ्या आणि परत वर आणा. एवढं केल्याशिवाय पैसे देऊ नका.

३. थोडी तिरकी राहिली तर काय बिघडतं?

झोप बिघडते हे पहिलं, डोकं खाली आणि पाय वर असं झोपून बघा. बाथरूमचं पाणी जाळीकडं न जाता दाराकडं येतं, कपाटाची दारं आपोआप उघडतात. खरा मुद्दा फ्रिजचा. गॅसवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर त्यात पंप नसतो, अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण उष्णता आणि उतार यांवरच फिरतं, तिरक्या गाडीत ते एका जागी अडकतं, थंडावा जातो आणि तासन्‌तास तसंच चालू ठेवलं तर फ्रिज कायमचा खराब होऊ शकतो. गाडी चालताना हा त्रास होत नाही कारण हलण्यामुळं मिश्रण फिरत राहतं. घरच्यासारखा कंप्रेसरवाला फ्रिज असेल, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तोच असतो, तर तो थोडंफार तिरकं सहज सोसतो.

४. किती अचूक पाहिजे, आणि लेव्हल बघायची कशी?

गवंड्याची पाणसळ घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर त्याच्या आत तळाला ठेवा, नसेल तर गाडीच्या मधोमध फरशीवर, एकदा आडवी एकदा उभी. बुडबुडा दोन रेघांच्या आत आला की पुरे, बरोब्बर मध्यभागी आणायच्या नादात बटणं दाबत बसू नका, दरवेळी हवा आणि बॅटरी जाते. मोबाइलच्या अ‍ॅपनं चालतं का हे खूप जण विचारतात. चालतं, पण मागचा कॅमेरा वर आलेला असतो त्यामुळं फोन सपाट बसत नाही आणि आकडा चुकतो. फोन कडेवर उभा धरा, नाहीतर एकदा सरळ आणि एकदा उलट फिरवून ठेवा, दोन्ही आकडे सारखे येत नसतील तर अ‍ॅप जुळवून घ्यावं लागेल.

पॅनल म्हणतंय लेव्हल आहे आणि पाणसळ म्हणतीय नाही, असं असेल तर सेन्सरचा शून्य हलला आहे. पाणसळीवर विश्वास ठेवा, गाडी हातानं सरळ करा आणि पुस्तिकेप्रमाणे शून्य परत सेट करा.

५. पोचल्यावर बटणं कोणत्या क्रमानं दाबायची?

आधी जागा बघा (प्रश्न ६ आणि ७). हँडब्रेक, मग चाकांना दोन्हीकडून ठोकळे. हवा इंजिनच्या कंप्रेसरवर अवलंबून असेल तर इंजिन चालू ठेवा आणि प्रेशरचा काटा पूर्ण वर येऊ द्या, कमी प्रेशरवर लेव्हलिंग सुरू केलं तर ते अर्ध्यातच थांबतं आणि लोकांना वाटतं सिस्टीम बिघडली.

यानंतर गाडीभोवती एक चक्कर मारा आणि खाली वाकून बघा. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी उभ्या गाडीच्या सावलीला कुत्री येऊन झोपतात, पार्किंगमध्ये पोरं चेंडू काढायला खाली शिरतात, आणि बलूनची हवा सोडली की टनावारी वजन काही सेकंदात खाली येतं. बटणाला हात लावायच्या आधी दरवेळी बघायचं, मग कितीही घाई असो.

मग ऑटो, म्हणजे गाडी आपोआप सरळ करायचं बटण, दाबा आणि थांबा. हातानं करत असाल तर आधी उंच असलेली बाजू खाली घ्या, खालची बाजू वर फुगवायचं नंतर बघा. खाली असलेली गाडी कमी डुलते, पायरी जवळ येते, हवाही वाचते. आधी डावं-उजवं जमवा, मग पुढचं-मागचं.

६. किती उतारापर्यंत हे झेपतं? म्हैसमाळला ऑटो दाबलं तर एरर यायलाय.

एरर बरोबर आहे, बलूनची चाल संपली की सिस्टीम थांबते. हिशोब सोपा आहे: १ अंश उतार म्हणजे दर मीटरला साधारण पावणेदोन सेंटीमीटर फरक. डाव्या-उजव्या चाकांत २ मीटर अंतर धरलं तर ३ अंशाला साडेदहा सेंटीमीटर झाले. पुढच्या-मागच्या चाकांत ५ मीटर धरलं तर नुसत्या २ अंशाला साडेसतरा. म्हणजे लांबीच्या दिशेचा उतार आडव्या उतारापेक्षा लवकर हाताबाहेर जातो, म्हणून डोंगरावरच्या जागेत गाडी उताराला आडवी लावून बघा, निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. पण उतार तीव्र असेल तर आडवी लावू नका, दुसरी जागाच शोधा.

थोडंच कमी पडत असेल तर लाकडी जाड फळ्या जवळ ठेवा आणि खालच्या बाजूचं चाक त्यावर चढवा, मग उरलेलं हवेनं करा. टायर पूर्ण फळीवर बसला पाहिजे, अर्धा बाहेर लोंबकळला की टायरच्या आतल्या तारांना मार बसतो आणि तो वरून दिसत नाही. मागं जोडटायर आहेत, तर दोन्ही टायर फळीवर. विटा आणि फरशीचे तुकडे वापरू नका, वजनानं फुटतात.

७. शेतात काळ्या रानात गाडी लावली तर चालेल का? माळरान आणि रान यात फरक पडतो का?

फार पडतो. पाहुण्यांच्या शेतात, वस्तीवर गाडी लावायची पद्धत आपल्याकडं आहे आणि ती छानच आहे, पण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात कडक झालेलं रान बघून माणूस फसतो, संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो आणि रात्रीतून एक चाक रुतायला लागतं. आता सिस्टीमला काय कळतं? तिला एवढंच कळतं की गाडी कललीय. ती त्या बाजूला हवा भरत जाते, गाडी सरळ दिसते, चाक आणखी रुततं, परत हवा. सकाळी बलून पूर्ण फुगलेला, बॅटरी बसलेली आणि चाक चिखलात, मग ट्रॅक्टर बोलवा.

म्हणून मुरमाची जागा, माळ, नाहीतर डांबरी कड बघा. जून ते ऑक्टोबर काळ्या रानात जड मोटरहोम घालूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, मालक कितीही आग्रह करो, गाडी रस्त्याकडेच्या मुरमावर लावा आणि जेवायला चालत जा. उन्हाळ्यात लावलीच तर तोंड रस्त्याकडं ठेवा, चाकाखाली रुंद फळ्या टाका आणि ऑटो बंद करून झोपा (प्रश्न १०). पहिला थेंब पडला की मध्यरात्र असली तरी गाडी बाहेर काढा.

८. रात्री सरळ केलेली गाडी सकाळी खाली बसायलीय, लीक आहे का?

आधी कुठली बाजू बसली ते बघा. हिवाळ्यात इकडं दुपार आणि पहाट यांच्या तापमानात मोठा फरक असतो. दुपारी ३५ अंशाला भरलेली हवा पहाटे १२ अंशाला साधारण सात-साडेसात टक्के आकसते, म्हणून सगळी गाडी सारखीच सेंटीमीटरभर खाली येणं हा बिघाड नव्हे, ऊन चढलं की ती परत वर येते. एकच बाजू किंवा एकच कोपरा बसला, किंवा दुपारीही वर आला नाही, तर गळती धरा.

अंदाजानं बोलू नका, मोजा. चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं चारी ठिकाणी माप घ्या आणि लिहून ठेवा, सकाळी त्याच ठिकाणी परत घ्या. मेकॅनिककडं जाताना हा कागद न्या, "थोडी बसते" म्हणण्यापेक्षा त्याचं काम पुष्कळ लवकर होतं. आणि थोडीफार हवा सगळ्याच गाड्यांची उतरते, आठवडाभर एका जागी उभी राहिलेली गाडी खाली बसणारच.

९. गळती घरच्या घरी शोधता येते का?

जागा शोधता येते. शाम्पूचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरा, सिस्टीम पूर्ण प्रेशरला आणा, इंजिन बंद करा, आणि पाइपचे जोड, व्हॉल्व्हची हवा सोडायची तोंडं, बलूनचा वरचा-खालचा काठ, टाकीचा ड्रेन, सगळीकडं मारा. फेस फुगायला लागला ती जागा. बरेचदा बलून चांगला असतो आणि जोडातली छोटी रिंग किंवा खडीनं घासलेला पाइप गळत असतो, त्यामुळं कोणी बघितल्या बघितल्या बलून बदला म्हटलं तर आधी फेस दाखवा म्हणा.

हे सगळं बाजूनं, हात लांब करून करायचं. अंग गाडीखाली जाणार असेल तर आधी प्रश्न ११ वाचा.

१०. रात्रभर ऑटो चालू ठेवू का बंद?

बंद. आत माणसं कुशीवर वळतात, कोणी पाणी प्यायला उठतं, तेवढ्यानं सिस्टीम जागी होऊन व्हॉल्व्ह टकटक करत बसते, कंप्रेसर घरघरतो, बॅटरी उतरते. एकदा लेव्हल झाली की होल्डवर टाका. तुमच्या पॅनलवर होल्ड नसेल तर पुस्तिकेत बघून सिस्टीमच बंद करा. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज आणि एका जागी दोन-तीन दिवस मुक्काम असेल तर सकाळ-संध्याकाळ एकदा चालू करून परत बंद करायची, तेवढं पुरतं.

११. बलून फुगवून गाडी वर घेतली की खाली जाऊन काम करता येतं ना? ड्रायव्हर तसंच करतो.

नाही. ड्रायव्हर करत असेल तर त्यालाही थांबवा, तो तुमच्या घरचाच माणूस आहे. बलूनमधली हवा एका पाइपनं, एका जोडानं, एका छोट्या विजेच्या व्हॉल्व्हनं अडवलेली असते. पाइप निसटला, आतून कोणी चुकून बटण दाबलं, बॅटरीची वायर हलली, की चेसिस खाली येते आणि त्यावेळी सरकायला वेळ मिळत नाही. बलून बदलताना, लेव्हलिंग व्हॉल्व्हला उंची कळवणारी काडी सोडताना तर हे हमखास होतं, कारण काडी हलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी उंच झाली आणि तो हवा सोडून देतो.

चेसिसखाली, कंपनीनं सांगितलेल्या जागी, त्या वजनाचे लोखंडी स्टँड लावल्याशिवाय डोकं, खांदा, काहीही आत घालायचं नाही. हायड्रॉलिक जॅकसुद्धा उचलायला आहे, धरून ठेवायला नाही, जॅकवर उचलून वजन स्टँडवर सोडा. गाडी पक्क्या काँक्रीटवर हवी, मातीत स्टँड रुततो. स्टँड नसतील तर गाडी गॅरेजला न्या. पडलेली चावी किंवा चप्पल काढायला सुद्धा काठी वापरा.

१२. सकाळी निघताना काय करायचं?

गाडी राइड हाइटला आणायची. पॅनलवर ट्रॅव्हल किंवा ड्राइव्ह असं काही लिहिलेलं असतं ते दाबा, प्रेशर पूर्ण होऊ द्या आणि बाहेर उतरून चारी कोपरे डोळ्यानं बघा. ठोकळे आणि फळ्या काढा, बाहेरचं छप्पर आणि पायरी आत घ्या. काही गाड्या ठराविक स्पीडला आपोआप राइड हाइटला येतात, पण त्यावर विसंबून निघू नका.

खाली बसलेल्या गाडीनं निघालात तर टायर मडगार्डला घासतो आणि प्रत्येक खड्डा थेट चेसिसला लागतो. जास्त वर असताना निघालात तर वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटते आणि शॉकअप पूर्ण ताणलेले राहतात. एअर ब्रेकच्या गाडीत प्रेशर कमी असल्याचा बझर वाजत असताना गाडी हलवायचीच नाही, हवा ब्रेकला आधी लागते. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरमधून अधूनमधून येणारा फुस्स आवाज मात्र नेहमीचा आहे, त्याला गळती समजू नका.

१३. टाकीतलं पाणी काढायचं म्हणजे कुठली टाकी?

हवेची. दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं आणि टाकीच्या तळाला साचतं, पावसाळ्यात जास्त. टाकीखाली एक छोटा ड्रेन असतो, बहुतेक ठिकाणी त्याला रिंग किंवा तार असते, ती बाजूला ओढली की पाणी उडतं. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात मुक्कामाला दररोज. नुसती हवा आली तर उत्तम. दुधासारखं तेलकट पाणी आलं तर ड्रायरचा फिल्टर संपलाय, तो बदला, नाहीतर तेच पाणी व्हॉल्व्हमध्ये जाऊन गंज धरतं आणि गाडी एका बाजूला अडकून बसते.

१४. समृद्धीवर जाताना बलून फुटला तर?

मोठा आवाज येईल आणि तो कोपरा खाली बसेल. बहुतेक बलूनच्या आत रबराचा जाड ठोकळा असतो, गाडी त्यावर टेकते, त्यामुळं लगेच उलटायची भीती धरू नका, स्टिअरिंग झटक्यानं फिरवू नका, हळूहळू स्पीड कमी करा आणि डाव्या कडेला घ्या. इंडिकेटर चालू, सगळी माणसं कठड्यापलीकडं. मग प्रेशरचा काटा बघा. उतरत असेल तर गाडी तिथंच, टोइंग बोलवा. टिकून असेल आणि टायर कुठं घासत नसेल तरच पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत अगदी हळू.

फुटलेल्या बलूनचं पंक्चर निघत नाही. सोल्युशन लावून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना नको म्हणा. बदलताना दुसऱ्या बाजूचा बलूनही बघून घ्या, दोघांचं वय एकच असतं.

१५. वाऱ्यात गाडी खूप डुलते, पोरं घाबरायलीत.

उभी गाडी हवेवरच उभी असल्यानं डुलणार. जागा मुळात सपाट असेल तर चारी बाजूची हवा पूर्ण सोडा, गाडी आतल्या ठोकळ्यांवर टेकते आणि डुलणं बरंच कमी होतं, अर्थात खाली दगड-खुंट नाहीत हे बघून. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात तोंड वाऱ्याकडं करून उभी करा, बाहेरचं छप्पर गुंडाळून ठेवा, मोठ्या झाडाखाली थांबू नका.

१६. आजीला पायरी उंच पडते, दाराची बाजू खाली घेतली तर?

घ्या, त्याचा हा फार चांगला उपयोग आहे आणि लोक तो विसरतात. गाडी पूर्ण थांबलेली, हँडब्रेक लावलेला, दाराची बाजू खाली, आजी आत बसल्या की परत राइड हाइट. फक्त गाडी खाली येत असताना पायरीवर कोणी उभं नको, आणि पायरी बाहेर काढलेली असेल तर ती जमिनीला किंवा फुटपाथच्या कडेला टेकत नाही ना ते बघा.

१७. सर्व्हिसिंगला खालून डिझेल मारून देतात, बलूनला चालतं का?

चालत नाही. डिझेल, ऑइल, ग्रीस यानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. साधं पाणी आणि साबण एवढंच, हे गाडी देतानाच सांगा. बलूनच्या घड्यांत अडकलेली खडी आणि माती धुऊन काढायला लावा, रबर त्यानंच झिजतं. खालून वेल्डिंगचं काम निघालं तर बलून ओल्या गोणपाटानं झाकायचे, बॅटरी सोडायची आणि लेव्हलिंगच्या कंट्रोलरचं कनेक्शन काढून ठेवायचं.

१८. उन्हाळ्यात कंप्रेसर मधेच बंद पडतो, थोड्या वेळानं आपोआप चालू होतो.

हा प्रश्न विजेवरच्या छोट्या कंप्रेसरचा. तो सतत चालण्यासाठी बनवलेलाच नसतो, तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा चाळिशीच्या वर असतो, डब्यात बंद असलेला कंप्रेसर आणखी तापतो. दुपारी पोचलात तर लगेच लेव्हलिंगच्या मागं लागू नका, ऊन उतरल्यावर करा. थंडीतही बंद पडत असेल तर कुठंतरी गळती आहे आणि तो बिचारा सतत भरत बसलाय, प्रश्न ९ प्रमाणे शोधा.

१९. माझी गाडी पाट्यांची आहे, बाहेरून बलून बसवून घेऊ का?

पाट्यांच्या जोडीला लावायचे मदतीचे बलून मिळतात, त्यानं मागचा भाग दबायचा कमी होतो आणि डावं-उजवं थोडं जमवता येतं. पूर्ण लेव्हलिंगची अपेक्षा ठेवू नका. आणि त्यानं गाडीची वजन पेलायची मर्यादा वाढत नाही, आरसीवर लिहिलेलं एकूण वजन तेच राहतं, कारण एक्सल, टायर, ब्रेक तेच आहेत. पाटे काढून पूर्ण एअर बसवणं हा गाडीतला मोठा बदल झाला, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांचे नियम आहेत, त्यामुळं काम सुरू करायच्या आधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. गॅरेजवाला "कोणी विचारत नाही" म्हणेल, पण अपघातानंतर क्लेमच्या वेळी विचारतात. नुसतं मुक्कामापुरतं सरळ करायचं असेल तर फळ्या आणि पाणसळ यावर पाट्यांची गाडीही नीट जमते, रीत प्रश्न ६ मध्ये दिलीच आहे.